सात दिवस पायी : घोड-भीमेच्या माहेरी

पायी चालणे आपल्याला नवे नाही. आषाढी वारीला तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते. यवतला आणि वरवंडला तिचा मुक्काम असतो. त्या वेळी आपली माणसे दिवसाला पाच-सहा कोस सहज चालतात. पण वारी नाही, लग्न नाही, बाजार नाही, आणि तरी सात दिवस डोंगरात चालायचे, असे म्हटले की लोक हसतात. आम्हांलाही हसले. "गुरुजी, पेन्शन सुरू झाली म्हणून पाय मोकळे करायला निघालात काय?" असे एकाने विचारलेच.

खरे कारण निराळे होते. वर्गात एका संध्याकाळी पाण्यावरून वाद झाला. शिरूरकडचा एक गडी म्हणाला, "घोडनदी आमची. तिच्या काठी आमचं गाव." दौंडकडचा म्हणाला, "आणि भीमा आमची. पण वरचे लोक पाणी अडवतात, आमच्या वाट्याला शहराची घाण तेवढी येते." आवाज चढले. तेव्हा लक्षात आले, की दोघांपैकी एकानेही आपल्या नदीचा उगम पाहिलेला नाही. आम्ही तरी कुठे पाहिला होता? मग ठरले, की चालत जाऊन पाहायचे. घोडेच्या काठाने वर चढायचे, आणि भीमेच्या काठाने खाली यायचे. शिरूरचे तिघे, दौंडचे तिघे, असे आम्ही सहा जण मार्गशीर्षात निघालो.

उद्यान म्हणजे बाग नव्हे

आम्ही जाणार होतो भीमाशंकरच्या अभयारण्यात. अभयारण्य म्हणजे काय, आणि राष्ट्रीय उद्यान म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. आमच्यातल्या एकाला वाटले, उद्यान म्हणजे बाग. तिथे झोपाळे असतील! तसे नव्हे. राष्ट्रीय उद्यान म्हणजे सरकारने राखलेले मोठे रान. तिथे झाड तोडायचे नाही, शिकार करायची नाही, गुरे चारायची नाहीत. जगातले असे पहिले उद्यान अमेरिकेत 1872 साली झाले. त्याचे नाव यलोस्टोन. आपल्या देशातले पहिले 1936 साली हिमालयाच्या पायथ्याशी झाले. आज त्याला कॉर्बेट उद्यान म्हणतात. आपल्या सह्याद्रीत चांदोलीचे रान 2004 साली राष्ट्रीय उद्यान झाले.

अभयारण्यही राखीवच असते. पण तिथल्या जुन्या गावकऱ्यांचे काही हक्क चालू राहू शकतात. भीमाशंकरचे अभयारण्य 1985 साली जाहीर झाले. ते सुमारे 130 चौरस किलोमीटर आहे. शेकरू ही मोठी, तांबूस, लांब शेपटीची खार तिथे राहते. ती आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. ती उंच झाडांवर काटक्या-पानांची घरटी बांधते आणि एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेते. रान तुटक झाले, तर तिची वाटच बंद होते.

तयारी

पावसाळ्यात जाऊ नये. तेव्हा धुके असते, वाटा निसरड्या होतात, दरडी कोसळतात. उन्हाळ्यात झरे आटतात. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने चांगले.

महिनाभर आधीपासून रोज तासभर चालावे. दम्याचा, हृदयाचा किंवा साखरेचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निघावे. नवे बूट घालून निघू नये, पायाला फोड येतात. वापरातले बूट आणि दोन जोड मोजे घ्यावेत. पाठीवर सहा-सात किलोहून जास्त ओझे नको. एक कांबळे, बॅटरी, काठी, पाण्याच्या दोन बाटल्या, गूळ-शेंगदाणे, चटणी, आणि आपली नेहमीची औषधे एवढे पुरे.

वनखात्याच्या कचेरीत आधी चौकशी करावी. कोणती वाट खुली आहे, कोणती बंद, हे तिथे कळते. रानातून जाताना गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा, आणि त्याची मजुरी आधी ठरवावी. सकाळी लवकर निघून दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचावे. साप चावला तर जखम कापू नये, दोरी आवळून बांधू नये. माणसाला चालवू नये. त्याला शांत ठेवून, उचलून तडक दवाखान्यात न्यावे.

घोडेच्या काठाने वर

पहिल्या दिवशी आम्ही एस्टीने घोडेगावला उतरलो आणि डिंभ्यापर्यंत चाललो. डिंभ्याला घोड नदीवर मोठे धरण आहे. तिथल्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. परदेशी कापडाची मोटार अडवताना 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत त्यांनी प्राण दिले. ते याच आंबेगाव तालुक्यातले.

या पाण्याखाली जुने आंबेगाव आहे. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे, ते गावच धरणात बुडाले. शिरूरचा गडी बराच वेळ पाण्याकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, आमच्या उसाला पाणी मिळावं म्हणून यांनी घरं सोडली. आम्ही कधी इचारलंसुद्धा नाही." डिंभ्याचे पाणी कालव्याने शिरूर तालुक्यापर्यंत येते, हे त्याला माहीत होते. पण कालव्याच्या वरच्या टोकाला काय झाले, ते त्याने त्या दिवशी प्रथमच पाहिले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी जलाशय डावलून आम्ही पुढे गेलो. वाटेत माळीण लागले. 30 जुलै 2014 रोजी सकाळी, मुसळधार पावसात, डोंगराची कड सुटून या गावावर आली. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव दिसत नाही, हे एका एस्टीच्या ड्रायव्हरच्या ध्यानात आले, आणि मग जगाला बातमी कळली. तिथे आम्ही हात जोडून उभे राहिलो. डोंगर आपल्याला पाणी देतो, पण उतारावरची माती पाण्याने फार जड झाली की तो सुटतोही. म्हणून डोंगराशी बेपर्वाईने वागू नये.

एक विडी

चौथ्या दिवशी आहुप्याला पोचलो. घोडनदीचा उगम याच भागातला. तिथे एक देवराई आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तिथली काटकीही कोणी तोडत नाही. कायदा झाला त्याच्या कितीतरी आधीपासून या लोकांनी रान राखले आहे. इथे महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भातशेती करतात, आणि हिरडा गोळा करून विकतात.

पाचव्या दिवशी कोंढवळच्या वाटेने भीमाशंकरकडे निघालो. वाटाड्याने सकाळीच बजावले होते, "विडी-काडी गावातच ठेवा." तरी दुपारी विसाव्याला बसलो असता आमच्यातल्या एकाने मागे राहून विडी ओढली आणि थोटूक टाकले. गवत वाळलेले होते. बघता बघता ते पेटले. आम्ही घाबरून पाण्याच्या बाटल्या उघडू लागलो. वाटाड्या ओरडला, "पाणी नका दवडू! डहाळ्या तोडा!" हिरव्या डहाळ्यांनी सगळ्यांनी मिळून आग झोडपली. नशिबाने वारा पडलेला होता. खळ्याएवढी जागा जळाली आणि आग विझली.

कोणी बोलेना. मग वाटाड्या म्हणाला, "गुरुजी, तुम्ही दोन दिवसांनी एस्टीत बसून जाल. आमचा हिरडा जळाला असता, तर वर्षाचं मीठ-मिरची कुठनं आणायची?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. चूक त्या एकट्या गड्याची नव्हती. सकाळी सगळ्यांच्या विड्या-काडेपेट्या काढून घ्यायचे काम आम्ही पत्करले होते. मोठ्या माणसांचे खिसे कसे तपासायचे, असे वाटून ते टाळले. वर्गात पोरांच्या चुका दाखवण्यात हयात गेली, आणि इथे आपणच चुकलो. भीमाशंकरला पोचल्यावर वनरक्षकाला सगळे सांगितले. त्यांनी बोल लावला. तो आम्ही मुकाट्याने ऐकला.

पाणी कोण साठवते?

त्या रात्री या वणव्यावरच बोलणे झाले. शिरूर-दौंडकडे वर्षाला वीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. भीमाशंकरला शंभर इंचांहून अधिक पडतो. हा पाऊस चार महिन्यांत संपतो. मग मार्गशीर्षातही तिथले झरे वाहतात ते कसे?

झाड काही पाणी तयार करत नाही. ते पाऊस थोपवते. थेंब आधी पानावर पडतो, मग खाली पाचोळ्यावर. मुळांनी माती भुसभुशीत झालेली असते. पाणी तिच्यात मुरते आणि पुढे हळूहळू झऱ्याने बाहेर येते. रान जळाले की पाचोळा जातो. मग पाऊस उघड्या मातीला झोडपतो, पाणी धावत सुटते, आणि माती घेऊन धरणात जाते. धरणात गाळ भरला की पाण्याला जागा कमी होते.

वाचकहो, घरी करून पाहा. दोन घमेल्यांत माती भरा. एकात मातीवर पाचोळा पसरा. दोन्ही घमेली थोडी तिरकी ठेवा आणि झारीने पाणी घाला. उघड्या मातीचे पाणी गढूळ येईल आणि लवकर येईल. पाचोळ्याखालचे सावकाश आणि त्याहून नितळ येईल.

भीमेच्या काठाने खाली

सहाव्या दिवशी पहाटे कड्यावर जाऊन उभे राहिलो. खाली कोकण दिसत होते. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब अरबी समुद्राला जातो. पूर्वेला पडलेला घोड-भीमेत येतो, पंढरपूरला चंद्रभागा होतो, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतो.

मग रानातून भोरगिरीला उतरलो. तिथे भीमा काचेसारखी स्वच्छ होती. दौंडचा गडी पाण्यात पाय सोडून बसला. "हीच का आमची भीमा?" असे तो दोनदा म्हणाला. दौंडच्या वर तिला मुळा-मुठा मिळते आणि पुण्याचे सांडपाणी तिच्यात येते. नदी जन्मतः घाण नसते. आपण माणसे तिला घाण करतो.

सातव्या दिवशी वाड्याकडे उतरलो. पुढे चासकमानचे धरण. त्या भीमेच्या धरणाचे पाणी कालव्याने शिरूर तालुक्यातही जाते, हे ऐकून दौंडकर शिरूरकराकडे पाहून हसला. राजगुरुनगरला एस्टी धरली आणि घरी आलो.

घोड आणि भीमा एकाच डोंगराच्या दोन लेकी आहेत. दोघींच्या माहेरांत पायी एका दिवसाचे अंतर. पुढे घोडही भीमेलाच मिळते. पाण्याच्या पाळीचे भांडण यामुळे मिटले असे नाही. ते कालव्यावर चालूच आहे. पण आता वर्गात वाद निघाला, की तो विडी ओढणारा गडीच उठतो आणि जळलेल्या खळ्याएवढ्या जागेची गोष्ट स्वतः सांगतो. त्याने अजून विडी सोडलेली नाही. मात्र थोटूक पाण्यात बुडवल्याशिवाय टाकत नाही.