क्षमता आणि कार्यक्षमता : संगणकाच्या एसएमपीएसची निवड

‘वीजपुरवठा’ हा शब्द नांदगावात उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम महावितरणची तार उभी राहते. संगणकाच्या पेटीतील धातूचा डबा नव्हे. त्या डब्यास बाजारात ‘एसएमपीएस’ म्हणतात. परिभाषाकारांस हे आद्याक्षरी नाव रुचो वा न रुचो, येथे तेच सोयीचे आहे, कारण त्यामुळे दोन पुरवठे वेगळे राहतात. तारेतून येते ती २३० व्होल्टांची प्रत्यावर्ती वीज. तिचे १२, ५ व ३.३ व्होल्टांच्या एकदिश विजेत रूपांतर करणे हे एसएमपीएसचे कार्य होय.

खेळांसाठी वापरावयाच्या संगणकात नवे ग्राफिक कार्ड बसविण्याचे ठरले, की जुना एसएमपीएस पुरेल काय, हा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर बहुधा वेष्टनावरील ठळक आकड्यावरून दिले जाते, आणि घोटाळ्यास तेथूनच आरंभ होतो. तो आकडा सर्व दाबांवरील एकत्रित शक्तीचा असतो. आजच्या संगणकात मात्र प्रोसेसर व ग्राफिक कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक आपला जवळजवळ सर्व भार १२ व्होल्टांवरच टाकतात. म्हणून पाहावयाचा तो डब्याच्या बाजूस चिकटविलेला तक्ता. त्यात १२ व्होल्टांच्या रकान्यात ३० अँपिअर लिहिले असतील, तर वर ५०० वॅट छापलेले असूनही या दोहोंच्या वाट्यास ३६० वॅटच येतात. चांगल्या संचात हे दोन आकडे अगदी निकट असतात.

आरटीएक्स ४०७० हे कार्ड २०० वॅटचे; तरी त्याचा निर्माता ६५० वॅटचा संच सुचवितो. यात सावधगिरी आहेच, पण कारणही आहे : कार्डाचा भार काही क्षणांपुरता नाममात्र आकड्याच्या पुष्कळ वर उसळतो. अशा उसळ्या सोसण्याची अट २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकाने घातली. त्यापूर्वीचा संच कागदावर पुरेसा ठरूनही ऐन खेळात बंद पडू शकतो.

दुसरा घोटाळा शब्दाचाच आहे. ‘क्षमता’ म्हणजे संच किती देऊ शकतो. ‘कार्यक्षमता’ म्हणजे घेतलेल्यापैकी किती देतो. ‘८० प्लस’ची ब्राँझ, गोल्ड इत्यादी बिरुदे दुसऱ्या गोष्टीविषयी आहेत. अर्ध्या भारावर ९० टक्के कार्यक्षमता असलेला ६०० वॅटचा गोल्ड संच ३०० वॅट देताना भिंतीतून सुमारे ३३३ वॅट घेतो, आणि उरलेल्या ३३ वॅटांची उष्णता होते. त्यावरून त्याची क्षमता ५४० वॅट ठरत नाही; छापलेली क्षमता ही देण्याचीच असते. शिवाय हे बिरुद अतिभारापासून संरक्षणाविषयी काहीच सांगत नाही.

ग्रामीण वाहिनीवर पंप एकाच वेळी चालू झाले, की दाब उतरतो. अशा ठिकाणी तक्त्यावरील ग्राह्य दाबाची नोंद निर्णायक ठरते. १०० ते २४० व्होल्ट घेणारा संच ही घट सहज पचवितो. २०० ते २४० ची मर्यादा असलेला स्वस्त संच तेथे अडखळतो. यूपीएसच्या बाबतीतही आकडा फसवा आहे : ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस सुमारे ३६० वॅटच देतो, आणि खेळ ऐन भरात असताना वीज गेली, तर अतिभाराने तोही मान टाकतो.

सुट्या होणाऱ्या तारांचा प्रश्न मात्र पैशांपलीकडचा आहे. तारेचे संगणकाकडील टोक मानकाप्रमाणे असते. संचाकडील टोकास असे समान मानक नाही. खोबणीत नेमके बसले, एवढ्यावरून जुन्या संचाची तार नव्यास जोडली, तर ५ व्होल्टांच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क आणि तिच्यातील वर्षानुवर्षांचा संग्रह क्षणात नष्ट होऊ शकतो. जुना संच काढताना त्याच्या सर्व ताराही त्याच्यासह काढाव्या लागतात, मग त्या पेटीच्या पाठीमागे कितीही नीट बांधलेल्या असोत.