जुनी गाडी मोडीत काढताना



ऊस नोंदीला गट ऑफिसात आलेले सभासद हल्ली विचारतात, "साहेब, जुना ट्रॅक्टर सरकार भंगारात काढायला लावणार म्हणे?" तसे काही नाही. शेतीच्या ट्रॅक्टरची पहिली नोंदणी 15 वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. दहा वर्षांत ट्रॅक्टर मोडीत, ही आवई केंद्र सरकारने 2023 मध्येच खोडली आहे. त्या भीतीने कुणी चालता ट्रॅक्टर मातीमोल विकू नये.

जीप किंवा मोटार खरोखरच थकली असेल, तर मात्र ती सरकारमान्य मोडणी केंद्रातच द्यावी. भंगारवाला रोख लगेच देतो, पण नोंदणी रद्द केली नाही तर आर.सी.वर नाव तुमचेच राहते! केंद्रात भंगाराची किंमत मिळते, वर जमा प्रमाणपत्रही मिळते. ते दाखवले की नव्या गाडीची नोंदणी फी माफ. शिवाय 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे वाहन करात खाजगी गाडीला 25 टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक गाडीला 15 टक्क्यांपर्यंत सूट. यातला 'पर्यंत' नीट वाचावा. नेमका आकडा राज्य सरकार ठरवते, तो आर.टी.ओ. कचेरीत विचारून घ्यावा.

गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवून घ्यावा.

— ऊस विकास अधिकारी