निक्सी नळ्यांचे घरगुती घड्याळ आणि मराठीतील वेळेचे शब्द

१. काचेच्या नळीत नारिंगी रंगाने उजळणाऱ्या अंकांनी वेळ दाखविणारे घड्याळ घरच्या घरी जुळविण्याचा छंद आज पुष्कळ ठिकाणी आढळतो. ह्या नळीचे नाव निक्सी. अमेरिकेतील बरोज कंपनीने ती १९५५ साली बाजारात आणली. मापनयंत्रांत आणि गणकयंत्रांत तिचा वापर झाला. पुढे स्वस्त अर्धवाहक दर्शक निघाल्यावर ती मागे पडली. आज छांदिष्ट लोक बहुधा जुन्या साठ्यातील नळ्या वापरतात. प्रस्तुत लेखात ह्या घड्याळाची रचना थोडक्यात सांगून, त्याने दाखविलेली वेळ मराठी माणूस वाचतो तेव्हा काय घडते, ह्याचा विचार करावयाचा आहे.

२. निक्सी नळीत कमी दाबाचा निऑन वायू असतो. अंकांच्या आकाराची दहा ऋणाग्रे एकामागे एक बसविलेली असतात आणि त्यांच्यापुढे धनाग्राची विरळ जाळी असते. सुमारे १७० व्होल्टचा दाब देऊन ज्या अंकाचे मंडल पूर्ण करावे, त्याच अंकाभोवती वायू प्रकाशतो. येथे तार तापवावी लागत नाही. म्हणून तिला शीत ऋणाग्राची नळी म्हणतात. प्रत्येक अंक स्वतंत्र व पूर्ण आकाराचा असल्यामुळे हे दर्शन वळणदार दिसते. सात रेघांच्या दर्शकावर देवनागरी ४ किंवा ५ नीट उमटत नाही. निक्सीच्या रचनेत मात्र देवनागरी अंकांना तत्त्वतः कोणतीच अडचण नाही. तरी सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या नळ्यांत, ज्याला आपले संविधान ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ म्हणते, तेच अंक असतात. सोव्हिएत बनावटीच्या आयएन-१२ नळीत तर दोनाचाच आकार पालथा घालून पाचाचे काम भागविले आहे. वाचणाऱ्याला ते खटकत नाही. कारण चिन्ह इतर चिन्हांहून वेगळे ओळखू आले, म्हणजे त्याचे कार्य साधते.

३. धायरीसारख्या ठिकाणी एखाद्याने असे घड्याळ जुळवावयाचे ठरविले, तर पहिला प्रश्न सेकंद कोठून आणावा हा होय. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. ती मोजून सेकंद मिळविता येतो. परंतु ही वारंवारता किंचित कमीअधिक होत असते. ती दिवसभर सरासरी ४९.९५ राहिली, तर घड्याळ त्या दिवशी ८६ सेकंद मागे पडेल. आणि वीज गेली की मोजणीच थांबेल. म्हणून क्वार्ट्झ स्फटिक वापरतात. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो; ही संख्या पंधरा वेळा निमपट केली असता बरोबर एक उरतो. तापमानाप्रमाणे दुरुस्ती करून घेणाऱ्या चांगल्या स्फटिकघटकाची चूक दशलक्षात दोन भाग, म्हणजे वर्षाला सुमारे एक मिनिट, इतकीच असते. सोबत लहानशी बॅटरी ठेवल्यास वीज गेली तरी मोजणी चालू राहते.

पुढील काम मोजणीचे. सेकंद साठ झाले की मिनिट एकाने वाढते, मिनिटे साठ झाली की तास. प्रत्येक नळीला एक स्थान ह्याप्रमाणे तास, मिनिट व सेकंद मिळून सहा नळ्या पुरतात. हे शक्य होते ते स्थानमूल्याच्या पद्धतीमुळे. जुन्नरजवळील नाणेघाटाच्या सातवाहनकालीन लेखात दहा, शंभर, हजार ह्यांना स्वतंत्र चिन्हे आहेत; त्या पद्धतीला दहा ऋणाग्रांची नळी पुरली नसती. जुळणी करताना एक दक्षता अवश्य घ्यावी: १७० व्होल्टचा धक्का घातक ठरू शकतो, आणि वीज बंद केल्यावरही धारित्रात भार काही काळ शिल्लक राहतो.

४. आता वाचनाकडे वळू. नळ्यांवर १०:४५ असे अंक उजळले आहेत. मराठी माणूस म्हणतो, ‘पावणेअकरा’. ह्या उच्चारात दहा नाही, पंचेचाळीसही नाही. जो अकरा आहे, तो नळ्यांवर कोठेच नाही. काट्यांच्या घड्याळात ही विसंगती नसते. तेथे तासकाटा अकराजवळ आलेला दिसतो, आणि पावणे म्हणजे ‘पादोन’, पावाने उणे, हा अर्थ डोळ्यांपुढेच असतो. तबकडी वेळेचे परिमाण दाखविते. नळ्या केवळ संख्या दाखवितात. सव्वा (सपाद), साडे (सार्ध), दीड, अडीच हे सर्व शब्द परिमाणाचे आहेत. १:३० ह्या अंकांवरून ‘दीड’ म्हणताना वाचक अंक वाचीत नसून मनातल्या मनात भाषांतर करीत असतो. अंक जसेच्या तसे वाचावे, तरी ‘पंचेचाळीस’ ह्या शब्दात पाच आधी व चाळीस नंतर येतात. नळ्यांवरील क्रम ह्याच्या उलट असतो.

५. ही भाषांतराची सवय सुटली तर काय होईल, ह्याचे उत्तर भाषेच्या इतिहासात आहे. साडेतीनसाठी मराठीत ‘औट’ हा शब्द होता. त्याचे मूळ संस्कृत ‘अर्धचतुर्थ’. पाढ्यांत औटकी शिकविली जात असे. आज हा शब्द मुख्यतः ‘औटघटकेचे राज्य’ ह्यासारख्या प्रयोगांत उरला आहे. घटका २४ मिनिटांची, म्हणजे हे राज्य ८४ मिनिटांचे. परंतु तो प्रयोग करणाऱ्या फारच थोड्यांना हा हिशेब ठाऊक असतो. घटकेचीही तीच गोष्ट. तळाला छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडीत. ते भरून बुडाले की एक घटका झाली. ‘घटका भरली’ ह्या वाक्प्रचारात ते पात्र अजून आहे, पण वापरातून गेले आहे.

निक्सी नळीतही असाच एक दोष संभवतो. तासांच्या दशकस्थानी शून्य, एक व दोन हेच अंक लागतात. पेटणाऱ्या अंकावरून उडालेले धातूचे कण न पेटणाऱ्या अंकांवर साचतात, आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेला अंक पुढे पेटविला असता तुटक दिसतो. म्हणून जाणकार लोक घड्याळात अशी योजना करतात की, रात्री काही वेळ सर्व दहा अंक आळीपाळीने उजळावेत.

२०१७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या अकरा गावांत धायरी आहे, तसेच हडपसरजवळील साडेसतरा नळीही आहे. गावाच्या नावात साडे टिकून राहील. परंतु औटाप्रमाणे केवळ नावापुरते टिकणे हे शब्दाचे जिवंतपण नव्हे. स्थानकावर ‘दहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी’ अशी घोषणा ऐकणाऱ्या आणि घरीही अंकांचेच घड्याळ पाहणाऱ्या मुलाला पावणेअकरा हा शब्द घड्याळ शिकविणार नाही. तो त्याला घरातील माणसांच्या तोंडूनच मिळाला पाहिजे.