चुंबकाला न कळणारी गोष्ट

नंदुरबारात कुणी स्टीलच्या रेलिंगचं काम सुरू केलं की पहिल्या आठवड्यातच एखादं गिऱ्हाईक चुंबक घेऊन दुकानात येतं. नमुन्याच्या पाइपाला ते लावून बघतं. चिकटलं नाही की मान हलवून म्हणतं, "ओरिजिनल आहे, भाऊ." नवा कारागीरही मान हलवतो, आणि दोघेही चुकलेले असतात. चुंबक 304 या महाग प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला चिकटत नाही, तसंच 202 या स्वस्त प्रतीलाही चिकटत नाही. उलट 304 चा पाइप वाकवला तर वाकलेल्या जागी ते थोडं ओढ घेऊ शकतं, आणि चांगला माल नकली ठरून परत येतो.

या धंद्यात वेल्डिंग शिकण्याआधी हे आकडे शिकावेत, असं माझं मत आहे. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल 4 ते 6 टक्क्यांवर आणून त्याऐवजी मँगनीज वाढवलेलं असतं. निकेल महाग, म्हणून दोन्हींच्या भावात फरक. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. फरक ओळखायला तपासणीचं द्रावण मिळतं. त्याचा थेंब पत्र्यावर टाकून छोटी बॅटरी लावली की 200 च्या मालिकेतला माल लालसर रंग दाखवतो. ही बाटली दुकानात असावी आणि गिऱ्हाइकासमोर वापरावी.

202 विकणं ही फसवणूक नव्हे. घरातल्या कोरड्या जिन्याला ते पुष्कळ वर्षं चालतं. पण नंदुरबार हे मिरचीचं गाव. इथे मसाल्याच्या कारखान्यासाठी चाळणी, हॉटेलसाठी ओटा, लोणच्यासाठी टाकी अशी कामं येतात. मीठ आणि ओल एकत्र आली की 202 वर लवकर ठिपके पडतात. अशा ठिकाणी 304 च द्यावं, आणि ते बिलावर लिहून द्यावं.

स्टेनलेस म्हणजे गंज न लागणारं लोखंड, असा समज आहे. मुळात तेही लोखंडच. किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हवेतल्या प्राणवायूने तो पुन्हा भरून येतो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 मध्ये असं पोलाद बनवलं, तेव्हा ते बंदुकीच्या नळीसाठी कमी झिजणारा धातू शोधत होते.

कारागिराचं निम्मं काम हा थर जपण्याचं. आपल्याकडे बहुतेक जण खिडकीच्या जाळ्या आणि लोखंडी गेटपासून सुरुवात करतात आणि त्याच जागेत एका कोपऱ्यात स्टेनलेस घेतात. चूक तिथेच होते. साध्या लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चकती स्टेनलेसवर फिरवली की लोखंडाचे कण त्यात रुततात. बाजूला उडालेल्या ठिणग्याही तेच करतात. पहिल्या पावसात तांबूस डाग दिसतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल खोटा दिला. म्हणून चकत्या, ब्रश, टेबल सगळं वेगळं ठेवावं. दुकान दहा बाय दहाचं असलं तरी मध्ये एक पत्रा उभा करावा.

दुसरा शत्रू उष्णता. 304 साध्या लोखंडाच्या जवळपास दीडपट प्रसरण पावतं, आणि उष्णता मात्र त्याच्या एक तृतीयांशच वाहून नेतं. म्हणजे जिथे तापलं तिथेच ताप साठतो आणि पत्रा लाटेसारखा वाकतो. एका टोकापासून सलग जोड ओढत जाऊ नये. आधी अंतरा-अंतरावर टाके मारावेत, मग उड्या घेत जोड भरावा. नेहमीचा मार्ग आर्गन वेल्डिंगचा. मिनिटाला 8 लिटर गॅस सोडला तर 7 घनमीटरचं सिलिंडर साडेचौदा तास पुरतं, हा हिशेब दर ठरवताना विसरला जातो. आणि नंदुरबारचा मे महिना! शेडमध्ये पंखा लावल्याशिवाय उभं राहवत नाही, पण पंख्याचा झोत जोडावर आला की आर्गन उडून जातो आणि जोड काळा, सच्छिद्र होतो. पंखा पाठीकडून, जोडाला झोत लागणार नाही असा ठेवावा. धूर ओढून घेण्याची सोय मात्र हवीच. वेल्डिंगच्या धुरामुळे कर्करोग होऊ शकतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2017 मध्ये काढला आहे. जोडाचा निळसर-काळा रंग काढायच्या पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. त्याला हातमोज्यांशिवाय हात लावू नये.

हिशेब वजनाचा असतो. पाइपचा बाहेरचा व्यास उणे जाडी, गुणिले जाडी, गुणिले 0.025 केलं की मीटरमागे किलो मिळतात. 38 मिलिमीटरचा पाइप 1.2 जाडीचा असेल तर सहा मीटरला सुमारे 6.6 किलो भरतो, 1.0 चा असेल तर साडेपाच. बिल पहिल्याचं आणि माल दुसऱ्याचा आला तर वीस पाइपांत बावीस किलोंचा फटका बसतो. कापलेल्या टोकाला व्हर्निअर लावल्याशिवाय माल उतरवून घेऊ नये.

शिकायचं असेल तर आयटीआयचा वेल्डर अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, आठवी पास मुलालाही प्रवेश मिळतो. तिथून निघाल्यावर चालत्या दुकानात दोन वर्षं हाताखाली काढावीत. भांडवलासाठी पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. त्यात ग्रामीण भागातल्या अनुसूचित जमातीच्या आणि महिला अर्जदारांना प्रकल्पखर्चाच्या 35 टक्क्यांपर्यंत अनुदान आणि स्वतःचा वाटा केवळ 5 टक्के अशी तरतूद राहिली आहे. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के आदिवासी लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात ही अट बहुतेकांना लागू पडेल. हे अनुदान लगेच हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं केलं जातं. पहिल्या वर्षाचा हप्ता कमाईतूनच निघायला हवा.

नवापूरकरांची गोष्ट आणखी वेगळी. तिथलं रेल्वे स्थानकच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. सुरतेहून पन्नास हजारांच्या वरचा माल आणला की ई-वे बिल लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सोपी म्हणून जीएसटीची कंपोझिशन योजना घेतली, तर तयार टेबल किंवा टाकी पलीकडच्या उच्छलच्या गिऱ्हाइकाला विकता येत नाही. ती योजना घेणाऱ्याला राज्याबाहेर माल पुरवायला मनाई आहे. हाकेच्या अंतरावरचं गिऱ्हाईक कागदावर परराज्यातलं ठरतं. तेव्हा नवापुरात पाटी रंगवण्याआधी कर सल्लागाराकडे एक चक्कर मारावी.