भरदार लाल वाइन आणि तिला घडविणारा मळा

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कसारख्या वस्तीत लाल वाइनची बाटली विकत घेणारा ग्राहक लेबल पाहतो, किंमत पाहतो. आतील वाइनचा गडद रंग, तुरट चव आणि जिभेवर जाणवणारा भरदारपणा कोठून आला, हे त्याला दिसत नाही. हा गुण बहुतांशी मळ्यातच तयार होतो. वाइनची द्राक्षे लावू इच्छिणाऱ्या बागायतदाराने ही गोष्ट प्रथम समजून घ्यावी.

स्पेनमधील उदाहरण

उत्तर स्पेनमध्ये दुएरो नदीच्या खोऱ्यात रिबेरा देल दुएरो हा प्रदेश आहे. तेथील भरदार लाल वाइन जगभर प्रसिद्ध आहे. टेंप्रानियो ही तेथील मुख्य काळी जात. नावाचा अर्थ ‘लवकर येणारी’. बहुतेक मळे समुद्रसपाटीपासून ७५० मीटरहून अधिक उंचीवर आहेत. पाऊस बेताचाच. फळ पिकण्याच्या काळात दिवसा कडक ऊन व रात्री चांगलाच गारवा असतो. दिवसाच्या उन्हाने साखर भरते, तर रात्रीच्या गारव्याने आम्लता टिकते व रंग चांगला उतरतो.

या प्रदेशाला १९८२ मध्ये अधिकृत नामांकन मिळाले. नियमानुसार हेक्टरी ७,००० किलो, म्हणजे एकरी सुमारे २.८ टन, हीच उत्पादनाची कमाल मर्यादा आहे. त्यामागे शास्त्रीय कारण आहे. लाल वाइनचा रंग मण्याच्या सालीत, तर तुरटपणा साल व बियांत असतो. मणी लहान असेल तर रसाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त मिळते. घड जास्त ठेवले की साखर उशिरा भरते आणि रंग फिका पडतो.

आपल्याकडील परिस्थिती

स्पेनमध्ये वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षातून एकदाच छाटणी होते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. नाशिक भागात वेल झोपत नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करतो. फळ जानेवारी ते मार्च या काळात पिकते. थंड रात्री व निरभ्र, उबदार दिवस आपल्याला याच काळात मिळतात.

मात्र छाटणीची वेळ नेमकी साधावी लागते. छाटणी फार लवकर केली तर परतीच्या पावसात कोवळ्या फुटीवर केवडा येतो. फार उशीर केला तर पिकण्याचा काळ मार्चच्या उन्हात सापडतो. मग साखर झपाट्याने चढते, आम्लता घसरते, सामू वाढतो आणि वाइन टिकाऊ होत नाही.

दिंडोरी तालुक्यातील उताराच्या, निचऱ्याच्या जमिनी या कामी उपयोगी पडल्या आहेत. तेथील शिराझ द्राक्षाची वाइन बाजारात नावारूपाला आली, तर चारोसे येथील मळ्यातून टेंप्रानियोचीही वाइन काढण्यात आली.

खाण्याच्या द्राक्षापेक्षा वेगळे काय?

१. खाण्याच्या द्राक्षात मोठा मणी हवा असतो. वाइनच्या द्राक्षात लहान मणी व जाड साल चांगली. म्हणून मणी फुगविण्यासाठी जिबरेलिक आम्लात घड बुडवू नयेत.

२. मण्यांना रंग चढू लागल्यावर पाणी बेताने द्यावे. वेल पूर्ण सुकू देऊ नये, पण नवी फूट जोमाने वाढेल इतके पाणीही देऊ नये.

३. वेलीच्या ताकदीपेक्षा जास्त घड ठेवू नयेत. जादा घड रंग चढण्यापूर्वीच काढावेत.

४. केवळ गोडी पाहून काढणी करू नये. साखर साधारण २३ ते २४ ब्रिक्स झाल्यावर आम्लता व सामूही तपासावा. बी तपकिरी झाले आहे का तेही पाहावे. काढणी पहाटे करून माल लवकर कारखान्यात पोहोचवावा.

कारखान्यात लाल द्राक्षे चिरडून सालीसकट आंबवितात. वर तरंगणारा सालीचा थर रोज रसात मिसळतात, म्हणजे रंग व टॅनिन रसात उतरते. नंतर वाइन ओक लाकडाच्या पिंपात मुरवितात. पिंपामुळे वाइनची चव गोलाई घेते. फिक्या द्राक्षाची वाइन मात्र त्याने भरदार होत नाही.

लागवडीपूर्वी हिशोब

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले आणि लागवड वाढली. २००८ च्या मंदीनंतर मागणी घटली, कारखान्यांत वाइन साठून राहिली आणि अनेक बागायतदारांच्या मालाला गिऱ्हाईक उरले नाही. काहींना उभ्या बागा तोडाव्या लागल्या. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो, नाहीतर बेदाणा होतो. बियांचे, जाड सालीचे लहान मणी मात्र बाजारात कोणी घेत नाही.

कमी उत्पादन घ्यायचे तर दर त्या मानाने जास्त हवा. म्हणून जात, ब्रिक्स, दर, उचलीची तारीख व पैसे देण्याची मुदत या पाच गोष्टी लेखी करारात आल्या पाहिजेत. एकरी टन घटवायला सांगणाऱ्या कारखान्याने त्या घटीची भरपाई दरात दिली पाहिजे, हे बागायतदाराने ठामपणे मांडावे. आधी करार, मग कलम, हा क्रम चुकवू नये.