जुन्या ट्रकचे इंजेक्टर: धुवायचे की बदलायचे?

गेल्या जानेवारीत डावं वळण घेण्यासाठी मी चौकाच्या मधोमध थांबले होते. समोरून येणाऱ्या गाड्या संपल्या, मी ब्रेकवरून पाय उचलला आणि ट्रक बंद पडला. मागच्या सीटवर सात वर्षांची लेक होती, बाहेर उणे बारा तापमान आणि सिग्नल पिवळा. दुसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर इंजिन खोकत सुरू झालं आणि आम्ही कसेबसे पलीकडे पोहोचलो. त्या दिवसापर्यंत ट्रकचं हे थरथरणं मी 'वय झालंय त्याचं' म्हणून सोडून देत होते.

ट्रक म्हणजे आपल्याकडचा मालवाहू ट्रक नव्हे. हा २००४ सालचा चार सिलिंडरचा पिकअप आहे, पेट्रोलवर चालणारा (इथे त्याला गॅस म्हणायची सवय मला अजून लागलेली नाही), २ लाख १२ हजार मैल चाललेला. गॅरेजवाल्याने तपासून सांगितलं, "चारही इंजेक्टर नवे टाका, मजुरीसकट ११०० डॉलर." ट्रकची किंमतच जेमतेम चार हजार. शेजाऱ्याचं म्हणणं, दहा डॉलरची क्लीनरची बाटली टाकीत ओत, काम होईल. आणि इस्लामपूरहून मामा फोनवर म्हणाले, "अगं, नोझल काढून टेस्टिंगला दे की! आम्ही ट्रॅक्टरचे नोझल दर दोन-तीन वर्षांनी देत होतो." सल्ले तीन आणि तिन्ही ठाम. पण नेमकं बिघडलंय काय, हे तिघांपैकी एकानेही मोजलेलं नव्हतं.

इंजेक्टर म्हणजे विजेवर चालणारा एक चिमुकला नळ. आत तारेचं वेटोळं, म्हणजे सोलेनॉइड, एक सुई आणि सुईला दाबून धरणारी स्प्रिंग. वेटोळ्यात वीज गेली की सुई केसाच्या जाडीएवढी मागे सरकते आणि पन्नासेक पीएसआय दाबाखालचं पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर पडतं. दोन-तीन मिलिसेकंदांत नळ बंद. गाडी नुसती उभी असताना एका वेळी साधारण १० मिलिग्रॅम पेट्रोल बाहेर येतं, म्हणजे पाण्याच्या थेंबाचा पाचवा हिस्सा. मी कागदावर हिशोब मांडला. सरासरी वेग ताशी ३५ मैल धरला तर माझा ट्रक सुमारे सहा हजार तास चाललाय. मिनिटाला १८०० फेरे आणि दर दोन फेऱ्यांमागे एक फवारा धरला, तर प्रत्येक इंजेक्टर तीस कोटींहून जास्त वेळा उघडला-मिटला आहे. तरी तो चालतो याचंच खरं म्हणजे आश्चर्य वाटायला हवं.

आता घाण. मला वाटायचं, पेट्रोलमध्ये कचरा असतो आणि तो अडकतो. तसा कचरा बहुतेक फिल्टरमध्येच अडतो. तोंडाशी जे साचतं ते इंजेक्टरच्या जागीच तयार होतं, आणि तेही इंजिन बंद केल्यावर. इंजिन चालू असताना वाहतं पेट्रोल इंजेक्टरचं टोक थंड ठेवतं आणि धूतही असतं. इंजिन बंद केलं की ते वाहणं थांबतं, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता वर येत राहते आणि पुढचा अर्धा-पाऊण तास टोक चांगलंच गरम असतं. टोकाला चिकटलेल्या पेट्रोलच्या थरातले हलके घटक उडून जातात. मागे जड घटक उरतात आणि त्यांच्यातले दुहेरी बंध असलेले रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून डिंकासारखे होतात. मग पुन्हा गरम, पुन्हा थंड. असं हजार वेळा झालं की त्याचं लॅकर होतं, जुन्या लाकडी कपाटावर असतं तसं कडक आणि तपकिरी. ते काही मायक्रॉन जाड झालं तरी पुरतं, कारण मूळ फटच तेवढीशी असते.

म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा दिवसातून चार वेळा थोडं थोडं चालवून बंद केलेल्या गाडीचे इंजेक्टर लवकर माखतात. घर ते शाळा, शाळा ते लॅब, लॅब ते दुकान, दुकान ते घर. माझा रोजचा दिवस!

ही काही माझ्या ट्रकची खासियत नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आले, तेव्हा लगेच ही तक्रार सुरू झाली. पुढे १९९५पासून पेट्रोलमध्ये घाण साचू न देणारं रसायन घालणं सक्तीचं झालं. ते प्रमाण अपुरं आहे असं वाटल्यावर काही मोटार कंपन्यांनीच २००४मध्ये 'टॉप टिअर' नावाचा जास्त कडक दर्जा ठरवला. एएए या मोटारचालकांच्या संस्थेने २०१६मध्ये तुलना केली, तेव्हा ४००० मैलांएवढ्या चाचणीनंतर साध्या पेट्रोलने इनटेक व्हॉल्व्हवर टॉप टिअरच्या सरासरी १९ पट घाण साचवली होती. (हा आकडा व्हॉल्व्हवरचा आहे, इंजेक्टरवरचा नव्हे. जाहिरातींत हा फरक गाळला जातो.)

क्लीनरच्या चांगल्या बाटलीत असतं ते पॉलिइथरअमाइन. रेणूचं एक टोक नायट्रोजनवालं, ते घाणीला चिकटतं. लांब शेपूट पेट्रोलमध्ये विरघळतं आणि घाण सुटून वाहून जाते. तत्त्व भांडी घासायच्या साबणाचंच. थर ताजा आणि पातळ असेल तर हे काम करतं. माझी चूक अशी की मी एकापाठोपाठ तीन टाक्यांत तीन बाटल्या ओतल्या आणि आधीचं मोजमाप काहीच घेतलं नव्हतं. 'जरा बरं वाटतंय' यापलीकडे मला काही सांगता येईना. एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रयोग माझ्यासमोर आणला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं.

मग मी पंचवीस डॉलरचा ओबीडी रीडर घेतला. १९९६नंतर अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक मोटारीत त्याचा सॉकेट असतो. त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक कोड पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. आपले मेकॅनिक ज्याला गाडी मिसिंग मारते म्हणतात, ते हेच. दुसरा आकडा होता फ्युएल ट्रिम: अधिक ११ टक्के.

हा आकडा समजून घेण्यासारखा आहे. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की हवा-पेट्रोलचं १४.७ ला १ हे प्रमाण साधलंय की नाही. नसेल तर कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. पण माझ्या इंजिनात चार सिलिंडरांना मिळून सेन्सर एकच आहे. त्याला फक्त सरासरी कळते. समजा, एक इंजेक्टर ३० टक्के कमी पेट्रोल देतोय आणि बाकी तीन ठणठणीत आहेत. सरासरी साडेसात टक्क्यांनी घसरते. कॉम्प्युटर सगळ्यांनाच आठ टक्के वाढवून देतो. आता सरासरी झकास! पण आजारी सिलिंडर अजूनही चोवीस टक्के उपाशी आहे आणि निरोगी तिघांना गरजेपेक्षा आठ टक्के जास्त मिळतंय. उपाशी सिलिंडरमध्ये ठिणगी पडूनही मिश्रण नीट पेटत नाही, इंजिन थरथरतं आणि चौकात बंद पडतं. शिवाय एकाकडचा उरलेला ऑक्सिजन आणि दुसऱ्यांकडचं अर्धवट जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये भेटतात आणि तिथे जळतात. कन्व्हर्टर जास्त तापून वितळला, तर त्याच्या बिलापुढे इंजेक्टरचा खर्च किरकोळ वाटतो. मिसिंग मारणारी गाडी तशीच दामटू नये, ती यासाठी.

पण मिसफायर म्हणजे इंजेक्टरच, असंही नाही. आधी मी तिसरी इग्निशन कॉइल आणि स्पार्क प्लग चौथ्या सिलिंडरवर लावले. कोड तिसऱ्यावरच राहिला, म्हणजे ठिणगी निर्दोष. मग एका शनिवारी मैत्रिणीचा नवरा मदतीला आला (तो डोंबिवलीचा, हात माझ्यापेक्षा स्थिर). इंजिन पूर्ण थंड, पेट्रोलचा दाब उतरवलेला, बॅटरी सोडलेली, आग विझवायचा सिलिंडर शेजारी. आम्ही तिसरा इंजेक्टर पहिल्या जागी आणि पहिला तिसऱ्या जागी बसवला. दोन दिवसांनी दिवा लागला: पी ०३०१. दोष इंजेक्टरबरोबर चालत गेला होता. इतका स्वच्छ निकाल मला लॅबमध्ये वर्षातून एकदा मिळाला तरी मी पेढे वाटते.

इथे धुणं आणि बदलणं यांचे रस्ते वेगळे होतात. इंजेक्टर तीन तऱ्हांनी आजारी पडतो. माखतो, झिजतो किंवा त्याचं वेटोळं तुटतं. वेटोळं तपासणं सोपं आहे. मल्टिमीटर लावा, माझ्या प्रकारच्या इंजेक्टरला १२ ते १६ ओहम यायला हवेत. ते तुटलं असेल तर कितीही धुवा, उपयोग शून्य. माझे चारही ठीक होते. माखलाय की झिजलाय, हे मात्र बाहेरून कळत नाही. त्यासाठी मामांचाच उपाय, टेस्टिंग. एका छोट्या वर्कशॉपने प्रत्येकी २५ डॉलर घेऊन चारही इंजेक्टर आधी मोजले, मग अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुतले आणि पुन्हा मोजले.

अल्ट्रासॉनिक बाथ आमच्या लॅबच्या प्रत्येक टेबलावर असतो. तरी ट्रकच्या बाबतीत तो सुचला नाही, याची मला अजून लाज वाटते. सेकंदाला चाळीसेक हजार कंपनांमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. पृष्ठभागाजवळ फुटताना त्यांच्यातून द्रवाची बारीक धार पृष्ठभागावर आदळते, जिथे ब्रश जाऊच शकत नाही अशा फटीतही. त्या वेळी इंजेक्टर विजेने उघडमीट करत ठेवावा लागतो, नाहीतर आतली जागा तशीच राहते.

रिपोर्ट आला. धुण्याआधी तिसरा २७ टक्के कमी, दुसरा ९ टक्के, उरलेले दोघे दोन-तीन टक्के. चौघांची सरासरी काढली तर दहा टक्क्यांची घट, आणि ती भरून काढायला कॉम्प्युटरला अकरा टक्के वाढवावं लागतं. माझा ट्रिमचा आकडा! धुतल्यानंतर चौघांतला फरक दोन टक्क्यांच्या आत आला. ज्याच्यावर खटला होता तो तिसरा पूर्ण सुटला.

दोषी निघाला दुसरा. धुतल्यावर त्याचा प्रवाह उत्तम होता, पण बंद असताना दाबाखाली तो गळत होता. दर मिनिटाला दोन-तीन थेंब. सुई जिथे टेकते ती कडा झिजलेली. थंडीत सकाळी ट्रक सुरू व्हायला चार-चार प्रयत्न लागायचे आणि पेट्रोलचा वास यायचा, त्याचं कारण हे. गेलेला धातू कोणत्याही साबणाने परत येत नाही. तो एक मी नवा घेतला, मूळ बनावटीचा, ११० डॉलरला, आणि बसवण्याआधी त्याच बेंचवर मोजून घेतला. बाकी तिघांशी तीन टक्क्यांच्या आत जुळला. ऑनलाइन चारचा संच ६० डॉलरला मिळत होता. न मोजलेले नवे चार आणि मोजलेले जुने तीन यांत मी जुने निवडले.

हा हिशोब सगळ्या गाड्यांना लागू नाही. काही व्ही-६ इंजिनांत इंजेक्टरपर्यंत पोहोचायला वरचा अख्खा मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. तिथे मजुरीच सुट्या भागांपेक्षा जड होते, आणि दोन लाख मैलांनंतर दुसऱ्यांदा उघडायची वेळ नको म्हणून सगळेच बदलणं मला पटतं. डिझेलची तर जातच वेगळी. आजच्या कॉमन रेल डिझेलमध्ये दाब दोन हजार बारच्या घरात असतो आणि आतल्या फटी मायक्रॉनच्या. तिथे बहुधा झीजच असते, आणि गळणारा इंजेक्टर पिस्टन वितळवू शकतो. त्यातले बरेच इंजेक्टर बदलल्यावर त्यांचा कोडही कॉम्प्युटरला द्यावा लागतो. मामांच्या ट्रॅक्टरचा नोझल हाताच्या टेस्टरवर दाबून फवारा डोळ्यांनी बघता यायचा. ते दिवस त्या गाड्यांबरोबर गेले.

आणि धुवा की बदला, ओ-रिंग मात्र सगळ्या नव्याच घाला. वीस वर्षांचं रबर पुन्हा बसवलं तर गरम इंजिनावर पेट्रोल गळतं. चारही इंजेक्टरच्या रिंगा मिळून वीस डॉलरही लागले नाहीत. एकूण खर्च झाला २३० डॉलर आणि दोन शनिवार.

आता ट्रिम अधिक दोनवर आहे, कोड परत आलेला नाही आणि सकाळी ट्रक एका फटक्यात सुरू होतो. फक्त चौथ्या इंजेक्टरच्या कनेक्टरची प्लॅस्टिकची क्लिप काढताना तुटली. सध्या ती झिप टायने बांधली आहे. लेक रोज विचारते, ती कधी बदलणार.