पाळणाघराचे शुल्क : विश्वासाला हवा लेखी आधार

राजूर (जि. जालना) : राजूरसारख्या गावात घरगुती पाळणाघर चालते ते ओळखीवर. त्यामुळे शुल्क थकले, तरी मागायचे कसे, हा पेच संचालिकेपुढे उभा राहतो. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी करारही ग्राह्य असतो; मात्र तो सिद्ध करणे अवघड. म्हणून प्रवेशावेळीच मासिक शुल्क, देय तारीख, सुट्यांचे पैसे, विलंब आकार आणि सेवा थांबविण्याची पूर्वसूचना कागदावर नोंदवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. विलंब आकार अवाजवी असल्यास कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. थकबाकीचा दावा साधारणतः ३ वर्षांत दाखल करावा लागतो. त्या मुदतीत पालकाने लेखी कबुली दिल्यास मुदत नव्याने मोजली जाते. आगाऊ शुल्क आणि पावती हाच सोपा उपाय. पैशांसाठी मूल अडवून ठेवणे मात्र सर्वस्वी गैर.